प्रश्न वाचकांचे: पाण्यातली सेंद्रिय प्रदूषकं आणि उत्प्रेरकाचा हिशोब

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत: पाण्यात विरघळलेले रंग, फेनॉल, कीटकनाशकं, औषधांचे अंश मोडून काढणारा उत्प्रेरक कसा बनवायचा आणि तो खरंच काम करतोय हे कसं ओळखायचं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना वाचकाकडे साधी प्रयोगशाळा, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि मफल भट्टी आहे असं धरलं आहे.

प्रश्न: माझ्या नव्या प्रकाश-उत्प्रेरकाने लिटरला १० मिलिग्रॅम मेथिलीन ब्लूचं द्रावण ६० मिनिटांत जवळजवळ पाण्यासारखं केलं. ९५ टक्के विघटन झालं असं लिहिलं, तर मार्गदर्शक म्हणतात, 'विघटन कशावरून?' काय दाखवावं लागेल?

मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे. मेथिलीन ब्लूचा निळा रंग जाण्याचे निदान चार मार्ग आहेत आणि त्यातला एकच तुम्हाला हवा आहे.

पहिला मार्ग अधिशोषणाचा. रंग उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नुसता चिकटून बसतो. मेथिलीन ब्लू धनभारित आहे. नेहमी वापरला जाणारा प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या पृष्ठभागावरचा भार साधारण पीएच ६.२ ते ६.५ ला शून्य असतो, त्याच्या वर तो ऋण होतो. म्हणजे पीएच ८ किंवा ९ ला रंग पावडरला घट्ट धरणारच. म्हणून दिवा लावण्याआधी मिश्रण अंधारात ढवळा आणि दर १५ मिनिटांनी नमुना घ्या. लागोपाठच्या दोन नमुन्यांचं वाचन सारखं येईपर्यंत थांबा. 'अर्धा तास अंधारात ठेवलं' एवढं लिहून भागत नाही. सच्छिद्र कार्बन किंवा चिकणमातीच्या आधारावर समतोल यायला काही तासही लागतात. विघटनाची टक्केवारी या समतोलानंतरच्या संहतीपासून मोजायची, बाटलीत सुरुवातीला घातलेल्या संहतीपासून नाही. प्रयोग संपल्यावर पावडर वेगळी करून इथेनॉलने धुवा आणि धुवणाचं वाचन घ्या. निळा उतरला, तर तेवढा रंग मोडलेला नाही.

दुसरा मार्ग क्षपणाचा. मेथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं रंगहीन रूप तयार होतं. रेणू जवळजवळ शाबूत असतो, दिसत मात्र नाही. हे ओळखणं सोपं आहे: गाळलेल्या नमुन्यात दहा मिनिटं हवा सोडा आणि पुन्हा मोजा. निळा परत आला, तर तुमच्या मिश्रणात ऑक्सिजन संपला होता. २५ अंशांना हवेने संपृक्त पाण्यात ऑक्सिजन लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅमच असतो. बाटली बंद असेल तर तो बघता बघता खर्च होतो.

तिसरा मार्ग: रेणूवरचे मेथिल गट एकेक करून निघतात. तेव्हा ६६४ नॅनोमीटरचं शिखर खाली येतानाच डावीकडे, ६५० आणि पुढे ६०० च्या दिशेने सरकतं. फक्त ६६४ वर नजर ठेवली तर घट फुगवून दिसते. दर वेळी ४०० ते ७५० पर्यंतचा पूर्ण वर्णपट घ्या.

चौथा मार्ग म्हणजे वलयं तुटून कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचणं. याचा पुरावा एकूण सेंद्रिय कार्बनच्या मोजणीतून, म्हणजे टीओसीतून मिळतो. इथे आणखी एक अडचण येते. मेथिलीन ब्लूच्या वजनात सुमारे ६० टक्के कार्बन असतो, म्हणजे तुमच्या द्रावणात लिटरला फक्त ६ मिलिग्रॅम कार्बन आहे. न धुतलेल्या गाळणीतून आणि काचेच्या भांड्यातून आलेला कार्बनच कधी लिटरला अर्धा-एक मिलिग्रॅम भरतो. टीओसी दाखवायचा असेल तर सुरुवात २० ते ५० मिलिग्रॅम कार्बनने करा.

शिवाय दृश्य प्रकाशात मेथिलीन ब्लू स्वतःच प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देतो. तेव्हा काम रंगाच्या उत्तेजित रेणूने केलेलं असतं आणि श्रेय तुमच्या पदार्थाला जातं. 'दृश्य प्रकाशात चालणारा उत्प्रेरक' असा दावा रंगावरून करूच नये, असं आमचं ठाम मत आहे. त्यासाठी फेनॉल, ४-क्लोरोफेनॉल किंवा सॅलिसिलिक आम्ल यांसारखा रंगहीन रेणू घ्या, एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा आणि दिव्यापुढे ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर लावा. ॲनाटेज रूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा पट्टा-अंतर (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या आसपास आहे. फिल्टर नसेल तर साध्या झेनॉन दिव्यातून येणारी थोडीशी अतिनील किरणंही त्याला पुरतात.

सोबत तीन कोरे प्रयोग हवेतच: नुसता प्रकाश, अंधारात नुसता उत्प्रेरक आणि ऑक्सिडीकारक वापरत असाल तर उत्प्रेरकाशिवाय तो. गाळणीही तपासा. नायलॉन आणि सेल्युलोज नायट्रेटच्या गाळण्या रंग धरतात. ज्ञात संहतीचं द्रावण गाळून पाहा आणि प्रत्येक नमुन्याचे पहिले दोन मिलिलिटर टाकून द्या.

प्रश्न: गॅमा ॲल्युमिनावर ५ टक्के लोह चढवून फेन्टन प्रक्रियेसाठी (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने प्रदूषक मोडण्यासाठी) उत्प्रेरक बनवते आहे. कृती नीट सांगाल का? आणि दर वेळी लोह पाण्यात उतरतं, ते कसं थांबवायचं?

आधी कृती. १० ग्रॅमच्या घाणासाठी ९.५ ग्रॅम ॲल्युमिना आणि ०.५ ग्रॅम लोह हवं. फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेटमध्ये लोह १३.८ टक्के असतं, म्हणून ते ३.६२ ग्रॅम घ्या. आता ॲल्युमिना किती पाणी पितं ते काढा. थोडा वाळवलेला नमुना वजन करून घ्या, थेंब थेंब पाणी घालत ढवळा आणि कण एकमेकांना चिकटायला लागले की थांबा. समजा, ग्रॅमला ०.५ मिलिलिटर आलं. मग ९.५ ग्रॅमसाठी द्रावणाचं एकूण आकारमान ४.७५ मिलिलिटर. इथे नेहमी चूक होते. ४.७५ मिलिलिटर पाण्यात मीठ विरघळवायचं नाही. मीठ थोड्या पाण्यात विरघळवून एकूण आकारमान ४.७५ करायचं. नाहीतर जास्तीचं द्रावण छिद्रांबाहेर राहतं आणि तिथेच सुकतं.

द्रावण थेंबाथेंबाने घालत सतत हलवा. झाकून दोन तास ठेवा. मग ६० अंशांना तीन-चार तास आणि नंतर ११० अंशांना रात्रभर वाळवा. थेट ११० ला टाकलं की पाणी झपाट्याने बाहेर येतं आणि मीठ सोबत कणाच्या बाहेरच्या बाजूला ओढून आणतं. तिथे लाल-तपकिरी पापुद्रा बसतो आणि तोच पुढे पाण्यात सुटतो. भट्टीत मिनिटाला २ अंश या वेगाने ४०० अंशांपर्यंत चढवा आणि चार तास ठेवा. नायट्रेट फुटताना तपकिरी, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे भट्टी धूर ओढणाऱ्या कपाटाखालीच हवी. थंड झालेली पावडर आधी साध्या, नंतर पीएच ३ च्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. धुवणात लोह येणं थांबेपर्यंत धुवायचं. लोह मोजायला १,१०-फिनॅन्थ्रोलीन आणि ५१० नॅनोमीटर पुरतं. आधी हायड्रॉक्सिलअमाइनने सगळं लोह फेरस रूपात आणा. नमुन्यात पेरॉक्साइड उरलं असेल तर ते हायड्रॉक्सिलअमाइन खाऊन टाकतं, म्हणून हायड्रॉक्सिलअमाइन जास्त घाला.

आता लोह सुटण्याबद्दल. बहुतेक जण उत्प्रेरक पाण्यात ढवळतात, पाण्यातलं लोह मोजतात आणि 'लीचिंग नगण्य' असं लिहितात. पण प्रक्रिया चालू असताना ते साधं पाणी राहतच नाही. फेनॉल मोडताना आधी कॅटेकॉल, हायड्रोक्विनोन आणि बेन्झोक्विनोन होतात (द्रावण तपकिरी दिसतं ते यांच्यामुळे), मग वलय फुटून मॅलेइक आणि शेवटी ऑक्झॅलिक, ॲसेटिक यांसारखी लहान आम्लं. पीएच घसरतो आणि ऑक्झॅलेट लोहाला कवेत घेऊन पृष्ठभागावरून काढून नेतं. म्हणून खरी परीक्षा १ मिलिमोलर ऑक्झॅलिक आम्लात घ्या: लिटरला ९० मिलिग्रॅम निर्जल आम्ल, प्रयोगाइतकाच वेळ, तेच तापमान. शिवाय प्रयोगाच्या मध्येही नमुने घ्या. ऑक्झॅलेट संपलं की सुटलेलं लोह पुन्हा घन पृष्ठभागावर बसू शकतं, आणि फक्त शेवटचा नमुना पाहणाऱ्याला काहीच घडलं नाही असं वाटतं.

एवढ्यावर थांबू नका. प्रक्रियेच्या मधोमध थोडं द्रावण ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढा, त्यात तेवढंच नवं प्रदूषक आणि पेरॉक्साइड घाला आणि वेग मोजा. दुसऱ्या भांड्यात उत्प्रेरकाऐवजी, सुटलेलं आढळलं तेवढंच लोह मीठ म्हणून घालून तोच प्रयोग करा. या दोन्हींचा वेग मूळ प्रयोगाजवळ आला, तर काम पाण्यात विरघळलेलं लोह करतंय आणि ॲल्युमिना केवळ ते पुरवणारा डबा आहे.

लीचिंग पूर्ण थांबत नाही, कमी करता येतं. धुणं, ४०० ऐवजी ५०० अंशांना भाजणं (पृष्ठभाग आणि क्रियाशीलता थोडी घटते), लोहाचं प्रमाण ५ वरून २ टक्क्यांवर आणणं आणि पीएच ४ ते ५ च्या आसपास काम करणं, हे उपाय याच क्रमाने करून पाहा. कोबाल्टचा मोह अनेकांना होतो, कारण पेरॉक्सिमोनोसल्फेट (पेरॉक्साइडऐवजी वापरला जाणारा ऑक्सिडीकारक) फोडण्यात तो अतिशय तेज आहे. पण सुटलेलं लोह आणि सुटलेला कोबाल्ट यांच्या विषारीपणात फार अंतर आहे. पाणी शुद्ध करण्यासाठी ही निवड आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न: फेन्टन प्रक्रियेत पेरॉक्साइड दुप्पट केलं तर वेग कमी झाला आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय अंशाच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन, डायक्रोमेटने मोजतात तो) उलट वाढला! असं कसं?

दोन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत.

हेन्री फेन्टन यांनी १८९४ मध्ये फेरस क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने टार्टारिक आम्लाचं ऑक्सिडीकरण दाखवलं. पुढे १९३० च्या दशकात हाबर आणि वाइस यांनी यामागे हायड्रॉक्सिल रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, अतिशय क्रियाशील तुकडा) असल्याचं मांडलं. हे रॅडिकल जे समोर येईल त्याच्यावर धडकतं आणि त्यात खुद्द पेरॉक्साइडही आलं. पेरॉक्साइड जास्त झालं की रॅडिकल प्रदूषकाऐवजी त्याच्यावरच खर्च होतं आणि त्यातून तयार होणारं हायड्रोपेरॉक्सिल रॅडिकल बरंच दुबळं असतं. वेग घटतो तो यामुळे.

किती घालायचं याचा हिशोब समीकरणातून निघतो. फेनॉलच्या एका रेणूला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत न्यायला पेरॉक्साइडचे १४ रेणू लागतात. लिटरला १०० मिलिग्रॅम फेनॉल असेल तर ५०६ मिलिग्रॅम पेरॉक्साइड, म्हणजे ३० टक्क्यांच्या द्रावणाचे साधारण १.५ मिलिलिटर. मिश्र सांडपाण्यासाठी १ ग्रॅम सीओडीला २.१२५ ग्रॅम पेरॉक्साइड धरतात. ही मात्रा एकदम न ओतता तासाभरात चार-पाच हप्त्यांत घाला. त्याच मात्रेत जास्त काम होतं.

सीओडी वाढतो तो मोजणीत. डायक्रोमेट उरलेल्या पेरॉक्साइडचंही ऑक्सिडीकरण करतो आणि १ ग्रॅम पेरॉक्साइड ०.४७ ग्रॅम सीओडी म्हणून दिसतं. लिटरला ५०० मिलिग्रॅम उरलं असेल तर २३५ मिलिग्रॅमचा खोटा सीओडी. मोजणीआधी पेरॉक्साइड संपवा: पीएच ७ च्या आसपास आणून कॅटॅलेज एन्झाइम घाला किंवा चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड घालून, बुडबुडे थांबेपर्यंत ढवळून गाळा. कॅटॅलेज स्वतः प्रथिन आहे, त्यामुळे त्याची कोरी मोजणी करून ती वजा करावी लागते. सोडियम सल्फाइट वापरलंत तर जास्त झालेलं सल्फाइटही सीओडीत भर घालतं. पेरॉक्साइड खरंच संपलं का, हे टायटॅनियम ऑक्सिसल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणाने पाहा. पिवळा रंग आला तर अजून आहे.

याच मोजणीतून उत्प्रेरकाबद्दल एक मोलाची गोष्ट कळते. पेरॉक्साइड किती संपलं आणि टीओसी किती उतरला, हे दोन्ही एकाच आलेखावर मांडा. काही उत्प्रेरक, विशेषतः मँगनीजचे, पेरॉक्साइड भराभर संपवतात, पण रॅडिकल न बनवता थेट पाणी आणि ऑक्सिजन करतात. भांड्यात उसळणारे बुडबुडे पाहून उत्प्रेरक जोरात आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो तुमचा ऑक्सिडीकारक वाया घालवत असतो.

रचनेच्या दृष्टीने फेन्टनची खरी अडचण परतीच्या पायरीत आहे. फेरस लोह पेरॉक्साइडशी झटकन क्रिया करतं. त्यातून झालेलं फेरिक लोह पुन्हा फेरस होण्याचा वेग त्याच्या हजारो पट कमी आहे. शिवाय पीएच ३ च्या वर गेलं की फेरिक हायड्रॉक्साइडचा गाळ बसू लागतो, म्हणूनच विरघळलेल्या लोहाने काम करताना पीएच २.८ च्या आसपास राहावं लागतं. नव्या उत्प्रेरकात काय घालायचं हे ठरवताना प्रश्न हाच विचारा: फेरिकला इलेक्ट्रॉन कोण परत देणार? प्रकाश, शेजारी बसवलेलं तांबं, इलेक्ट्रॉन देणारा कार्बनचा आधार, की शून्य संयुजेचं लोह? याचं उत्तर नसेल तर लोहाचं प्रमाण वाढवून काही साधत नाही, गाळ तेवढा वाढतो.

प्रश्न: ऊर्ध्वपातित पाण्यात १० मिनिटांत संपणारं कीटकनाशक विहिरीच्या पाण्यात दोन तासांनीही तसंच राहतं. उत्प्रेरक खराब झाला का?

बहुधा नाही. आकडे मांडून पाहू या, कारण उत्प्रेरकाच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा धडा इथेच आहे.

एखादा घटक हायड्रॉक्सिल रॅडिकलला किती जोराने ओढतो हे त्याचा वेग-स्थिरांक आणि संहती यांच्या गुणाकाराने ठरतं. बहुतेक सेंद्रिय प्रदूषकांचा स्थिरांक ५ अब्जांच्या आसपास असतो (एकक: प्रति मोलर प्रति सेकंद). प्रदूषक १ मायक्रोमोलर असेल तर गुणाकार येतो ५ हजार. पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल, म्हणजे ३.३ मिलिमोलर, तर त्याचा स्थिरांक फक्त ८५ लाख असूनही गुणाकार येतो सुमारे २८ हजार. कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेला सेंद्रिय अंश लिटरला ५ मिलिग्रॅम कार्बन एवढा असेल, तर मिलिग्रॅममागे साधारण २५ हजार धरून सव्वा लाख. बेरीज केली की दिसतं, तयार झालेल्या शंभर रॅडिकल्सपैकी जेमतेम तीन तुमच्या कीटकनाशकापर्यंत पोचतात. नैसर्गिक पाण्यातली कीटकनाशकं एक मायक्रोमोलरपेक्षा कितीतरी कमी असतात, म्हणजे प्रत्यक्ष स्थिती याहून बिकट.

आणखी एक गोष्ट आधी तपासा. कीटकनाशकाचं मूळ द्रावण मेथॅनॉलमध्ये केलं आहे का? हजार मिलिलिटर पाण्यात त्याचा १ मिलिलिटर घातला तरी मेथॅनॉल जवळजवळ २५ मिलिमोलर होतं. त्याचा स्थिरांक ९७ कोटी, गुणाकार सुमारे २ कोटी ४० लाख. प्रदूषकाच्या जवळजवळ पाच हजार पट! अशा प्रयोगातून उत्प्रेरकाबद्दल काहीच कळत नाही. मूळ द्रावणाचा मोजका अंश रिकाम्या भांड्यात घ्या, नायट्रोजनच्या झोतात मेथॅनॉल उडवा, मग पाणी घालून रात्रभर ढवळा.

आता रचना. रॅडिकल्स जास्त बनवून ही लढाई जिंकता येत नाही, कारण जास्तीची रॅडिकल्सही त्याच प्रमाणात वाटली जातात. प्रदूषकाला रॅडिकलच्या जागेजवळ आणावं लागतं. एक वाट म्हणजे प्रदूषकाला ओढणारा सच्छिद्र आधार. क्रियाशील धातू अशा बारीक छिद्रांत बसवायचा की लहान प्रदूषक आत जाईल आणि पालापाचोळ्यातून आलेल्या ह्युमिक आम्लाचे मोठे रेणू बाहेर राहतील. दुसरी, कार्बनच्या पृष्ठभागावर पेरॉक्सिडायसल्फेट हा ऑक्सिडीकारक धरून ठेवायचा आणि प्रदूषकाचा इलेक्ट्रॉन पृष्ठभागातून थेट त्याच्याकडे जाऊ द्यायचा. यात मोकळं रॅडिकल नसतं, त्यामुळे बायकार्बोनेटचा फारसा अडथळा होत नाही. मात्र ही वाट निवडक आहे: फेनॉल, ॲनिलिनसारखे इलेक्ट्रॉनसंपन्न रेणू सहज जातात, इतर तसेच राहतात. तिसरी वाट साधी आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित: आधी गाळण, कोळसा किंवा जैविक प्रक्रियेने सेंद्रिय अंश उतरवा आणि उत्प्रेरक शेवटच्या पायरीला ठेवा.

पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर सल्फेट रॅडिकलवर (पेरॉक्सिमोनोसल्फेट किंवा पेरॉक्सिडायसल्फेट फोडून मिळणाऱ्या) आधारलेली पद्धत जपून वापरा. ते क्लोराइडचं क्लोरीनमध्ये रूपांतर करतं आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ तयार होऊ शकतात. ब्रोमाइड असेल तर ब्रोमेटही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या ब्रोमेटसाठी लिटरला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, आणि ती ओलांडायला थोडं ब्रोमाइडही पुरतं.

प्रश्न: काम कोणतं रॅडिकल करतंय हे 'स्कॅव्हेंजर' (ठरावीक रॅडिकल गिळून टाकणारा पदार्थ) वापरून कसं ठरवायचं?

मात्रा गुणाकारानेच ठरवा. प्रदूषक ५० मायक्रोमोलर असेल तर त्याचा गुणाकार अडीच लाख. टर्शरी ब्युटॅनॉलने त्याच्या शंभर पट ओढायला हवं आणि त्याचा स्थिरांक ६० कोटी आहे, म्हणून सुमारे ४२ मिलिमोलर पुरतं. काही जण थेट १ मोलर ओततात. मग पृष्ठभागच झाकला जातो आणि वेग कशाने घटला ते कळत नाही. टर्शरी ब्युटॅनॉल सल्फेट रॅडिकलशी फार हळू वागतं, मेथॅनॉल हायड्रॉक्सिल आणि सल्फेट या दोन्ही रॅडिकल्सशी वेगाने वागतं. त्यामुळे दोन्हींच्या फरकातून अंदाज बांधता येतो.

सिंगलेट ऑक्सिजनसाठी (ऑक्सिजनच्या उत्तेजित, क्रियाशील रूपासाठी) फुरफुरिल अल्कोहोल सर्रास वापरतात. पण ते हायड्रॉक्सिल रॅडिकलशी शंभर पटींहून जास्त वेगाने क्रिया करतं, त्यामुळे नुसतं ते संपलं हा पुरावा नव्हे. खात्री करायची तर जड पाण्यात (हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेल्या पाण्यात) प्रयोग करा. तिथे सिंगलेट ऑक्सिजन दहा पटींहून जास्त काळ टिकतो, म्हणजे वेग स्पष्ट वाढायला हवा. आणि एक इशारा: सोडियम अझाइड आम्लयुक्त फेन्टन द्रावणात कधीही घालू नका. हायड्रॅझोइक आम्लाची अत्यंत विषारी वाफ निघते.

प्रश्न: पावडर गाळणं जिकिरीचं, म्हणून ती अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या जेलच्या) मण्यांत बसवली. वेग खूपच घटला आणि काही दिवसांत मणी विरघळले.

अल्जिनेटचा मणी कॅल्शियमने बांधलेला असतो. पाण्यात फॉस्फेट, सायट्रेट किंवा कार्बोनेट असेल तर ते कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी सैल पडतो. शिवाय अल्जिनेट स्वतः सेंद्रिय आहे. रॅडिकल त्यालाही तोडतं आणि तुमच्या टीओसीत भर पडते.

वेग घटतो तो अंतरामुळे. २ मिलिमीटर व्यासाच्या मण्याच्या गाभ्यापर्यंत रेणू झिरपायला अर्ध्या तासाच्या घरात वेळ लागतो. हा वेळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या मण्याला दोन मिनिटं पुरतात. पडताळा सोपा: काही मणी कापून बारीक करा आणि तोच प्रयोग करा. वेग वाढला तर अडचण झिरपण्याची आहे, उत्प्रेरक ठीक आहे. ढवळण्याचा वेग वाढवून फरक पडला, तर अडचण मण्याबाहेरच्या पाण्याच्या थरात आहे. प्रकाश-उत्प्रेरकासाठी मात्र अपारदर्शक मणी मुळातच चुकीचा, प्रकाश आत जातच नाही. तिथे काचेवर पातळ थर द्या आणि ४५० अंशांना भाजा. काच बोरोसिलिकेटच घ्या, साध्या काचेतला सोडियम भाजताना थरात शिरतो आणि क्रियाशीलता मारतो.

विजेचा हिशोबही आत्ताच करा. १०० वॉटचा दिवा, १ लिटर पाणी, एका तासात ९० टक्के घट, म्हणजे घनमीटरला १०० युनिट वीज. दिव्याचा बराचसा प्रकाश भांड्याबाहेर जात असेल तर आधी मांडणी सुधारा, नवा उत्प्रेरक नंतर.

प्रश्न: पाच वेळा वापरूनही ९५ टक्क्यांच्या वर काम होतं. उत्प्रेरक स्थिर आहे असं म्हणू शकतो ना?

एवढ्यावरून नाही. समजा पहिल्या वेळी वेग-स्थिरांक मिनिटाला ०.१ होता. ६० मिनिटांत ९९.८ टक्के जातं. पाचव्या वेळी तो निम्मा झाला तरी ६० मिनिटांत ९५ टक्के जातंच. तेच १० व्या मिनिटाला पाहिलं तर ६३ वरून ३९ वर घसरण दिसते. तुलना नेहमी अर्धवट रूपांतरावर करा आणि पूर्ण वेग-स्थिरांक द्या. दर वेळी गाळताना ५ टक्के पावडर हरवत असेल तर पाचव्या वेळी ८१ टक्केच उरते. म्हणून वजन करून द्रावणाचं आकारमान त्याच प्रमाणात कमी करा.

प्रश्न: १ मिलिमोलर पेरॉक्सिमोनोसल्फेटसाठी ऑक्झोन किती घ्यायचं? आणि पीएच एकदम का पडतो?

ऑक्झोन हे तिहेरी मीठ आहे, सूत्रभार सुमारे ६१५. त्यात पेरॉक्सिमोनोसल्फेटचे दोन मोल असतात. म्हणून १ मिलिमोलरसाठी लिटरला ०.३०७ ग्रॅम. ०.६१५ घेतलंत तर मात्रा दुप्पट होते. मिठातलं बायसल्फेट आम्लधर्मी असल्याने बफर नसलेल्या पाण्याचा पीएच ३ च्या जवळ जातो आणि उत्प्रेरकातला धातू त्याच क्षणी सुटू लागतो. बोरेट बफर घ्या किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ ला आणून मगच उत्प्रेरक घाला. फॉस्फेट बफर टाळा, तो धातूच्या जागा अडवतो आणि पेरॉक्सिमोनोसल्फेटलाही स्वतः थोडं फोडतो.